आमच्या घरी मागायचं नाही

१४ सप्टेंबर १९५३, सोमवार

तेल पुन्हा कमी! शनिवारी संध्याकाळी बूच मी स्वतः दाबून लावलं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. आज सकाळी पाहते तर दोन बोटं खाली. मधे गेला तो एक रविवार, दवाखाना बंद. मग प्यालं कोण? भुतं माशाचं तेल पितात असं मी अजून ऐकलेलं नाही.

साखर गेली असती तर मुंग्यांच्या नावावर टाकून मोकळी झाले असते. पण शार्कचं तेल! बूच काढलं की धडधाकट माणूस नाक दाबतो. पोरांना पाजताना दोघांनी धरावं लागतं. ते कोणी चोरावं, कशाला चोरावं? म्हणूनच जास्त संशय येतो. कुठेतरी पाणी मुरतं आहे.

झाडायला धुरपता येते. कपाटाला नुसती कडी, कुलूप कधी लागलंच नाही — मिशनचा दवाखाना, इथे कोण काय नेणार असं मोठ्या मिस म्हणायच्या. मिस गेल्या विलायतेला, मागे राहिले मी. गेल्या बाजाराला धुरपताचे केस फारच चकचकीत दिसत होते.

१५ सप्टेंबर

बाटलीला काळा दोरा बांधला, बरोबर तेलाच्या रेषेवर. रोज संध्याकाळी वाटप झालं की नव्या रेषेवर सरकवायचा. बघू या आता.

१७ सप्टेंबर, गुरुवार

तळ्याकाठच्या वस्तीतली एक बाई लेक घेऊन आली. पोर पाच वर्षांची, पाय काड्यांसारखे. मी नेहमीचे तीन प्रश्न विचारले. दिवेलागणीला ठेचकाळते का? भिंतीला हात लावून चालते का? बाकीची पोरं खेळत असताना एका जागी बसून राहते का? बाई तिन्हीला हो म्हणाली. रातांधळं. पावसाळा सरता सरता असली दहा तरी येतात. गोवर नाहीतर हगवण होऊन गेलेली असते, आणि पोटात गिरणीचा पांढरा भात नि पेज, दुसरं काही नाही. रोज चमचाभर तेल पाजलं की आठ-दहा दिवसांत पोर पुन्हा कोंबड्यांमागे धावते. वेळेवर आणली तर. नाहीतर डोळ्यात फूल पडतं, मग कोणी काही करू शकत नाही.

त्या बाईला चांगली झापली. आई आहेस ना, तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं, म्हटलं. ती रडायला लागली. रडू दे. रडली म्हणजे लक्षात राहील.

प्रेमिला तिथेच पुड्या बांधत बसली होती. तेरा वर्षांची झाली, शाळा सुटली की दवाखान्यात हाताखाली घेते मी तिला. हे तीन प्रश्न तिने शंभरदा ऐकले असतील, तरी हात थांबवून टक लावून ऐकत होती. अर्धी भुकटी सांडली. कामात चित्त नाही.

१९ सप्टेंबर, शनिवार

हे आले. पंधरा-पंधरा दिवस सायकलवर गावोगाव सुवार्ता सांगत फिरतात, येतात ते देव जसा पाहुणा यावा तसे — हसत, धुळीने माखलेले आणि पिशवीत पेरू. मुलींनी मागितले नव्हते. मागणार नाहीतच. पण न मागता मिळायला लागलं की मागणं काही दूर राहत नाही. मी चारातले दोन पेरू वॉर्डात देऊन टाकले.

हे म्हणाले, पोरींना बोलू तरी देत जा. मी म्हटलं, आमच्या घरी मागायचं नाही. मिळेल त्याला धन्यवाद म्हणायचं, नाही मिळालं तरी धन्यवाद म्हणायचं. चार कोंबड्यांची अंडी देवळाच्या परडीत जातात, मुलींनी कधी "आमचं काय" विचारलेलं नाही. मिशनच्या कंपाउंडातली बाकीची पोरं पाहा. विलायतेहून पार्सल येणार कळलं की महिनाभर आधीपासून आमचा झगा, आमचे बूट! जसं काही यांच्या बापाने बोट भरून पाठवलं आहे.

हे म्हणाले, "सुशीला, प्रभूने आपल्याला मागायलाच तर शिकवलं. रोजची भाकर रोज मागतोच न आपण?"

ती देवाकडे, मी म्हटलं. आईकडे नाही.

"लेकरांना यातला फरक कुठून कळणार एवढ्यात?" म्हणाले, आणि पेरू कापायला बसले. यांना उत्तर द्यायचं म्हणजे हवेत काठी मारायची.

मला हे कोणी शिकवलं? बोर्डिंगने. सात वर्षांची अनाथ पोर मी. नाताळात विलायती बाहुल्या आल्या होत्या, रांगेत उभं केलं होतं, आणि मी बोट दाखवून निळीच पाहिजे म्हटलं. त्या मिसने मला रांगेतून बाहेर काढलं. सगळ्यांना मिळाली, मला नाही. आज वाटतं बरं झालं. एकदाच दुखलं, जन्माचं शहाणपण आलं.

ऑगस्टात रूथचा गोवर उतरला तेव्हा वॉर्डातल्या बकरीच्या दुधातलं एक कप तिला देत होते. प्रेमिला म्हणाली, आई, तिला अजून अर्धा कप दे ना. त्याच दिवशी तो एक कपही बंद केला. ज्याच्यासाठी मागशील त्याचंच जाईल, म्हटलं. ते दूध रुग्णांचं, माझी मुलगी म्हणून तिचा हक्क लागत नाही. तेव्हापासून प्रेमिलाने तोंड उघडलेलं नाही. औषध लागू पडलं.

२० सप्टेंबर, रविवार

गोंदियाहून पाद्रीसाहेब आले होते, बरोबर त्यांच्या गीताबाई. संध्याकाळची उपासना सुटल्यावर ओसरीवर गीताबाईंनी बिस्किटांचा डबा उघडला. सगळी पोरं तुटून पडली. माझी रूथ, सहा वर्षांची, हात मांडीवर ठेवून बसून राहिली. डबा नाकासमोर धरला तरी हलली नाही! गीताबाई म्हणाल्या, किती गुणी लेकरू हो! इतका आनंद झाला की लपवता येईना.

मग प्रेमिलाने दोन उचलली. एक रूथच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवली. बहिणीचं नाव पुढे करून स्वतःचं साधून घेतलं, दुसरं काय. धाकटी आपसूक शिकली ते मोठीला तेरा वर्षांत शिकवता आलं नाही.

२३ सप्टेंबर

तेल दोऱ्याच्या खाली! करंगळीभर.

धुरपताला सरळ विचारलं. ती झाडू टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बारा सालापासून मी इथं झाडून राहिली. तुमच्या रोग्यायचे भांडे उचलते. अना आता मले चोर म्हनता? ते वासाचं तेल मी कायले घेऊ वो बाई? माह्या घरी जवसाचं तेल हाय." जाताना दारातून म्हणाली, "तुमी त देवालेबी पयले झडती घ्याल, मंग घरात येऊ द्याल."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण मी तिचं डोकं जवळून हुंगलं (निमित्त काढून — कानात मळ आहे का बघते म्हटलं). जवसाचंच तेल होतं.

२७ सप्टेंबर, रविवार

घरच्या प्रार्थनेत माझा नियम आहे, मुलींनी फक्त उपकार मानायचे. देवासमोर यादी वाचायची नाही. आज रूथ डोळे मिटून म्हणाली, देवा, आमचा कंदील मोठा कर.

मी आमेन व्हायच्या आतच थांबवलं. रॉकेल किती अडचणीने मिळतं, या गावात किती घरांत चिमणीसुद्धा नाही, हे सांगितलं. रूथ पुन्हा डोळे मिटून म्हणाली, देवा, कंदिलाबद्दल उपकार. पाहा! सांगितलं की ऐकते.

पण एवढ्या लहान पोरीच्या डोक्यात हे आलं कुठून? रोज संध्याकाळी मी घरी येते तेव्हा कंदिलाची वात चढवलेली असते आणि काच काळी. मी वात उतरवते, पाठ वळली की प्रेमिला चढवते. काय वाचते एवढं? दप्तर पाहिलं, गादीखाली पाहिलं. काही नाही. रूथला पुढे करून हीच मागते आहे, दुसरं कोण.

३ ऑक्टोबर, शनिवार

नवीन खोड! दिवेलागणीला विहिरीवर जायचं म्हटलं की बाईसाहेबांना रूथ सोबत लागते. एकटी जात नाही. घागर एका हातात, रूथचा हात दुसऱ्या हातात. सहा वर्षांच्या पोरीला कामाला जुंपते. आणि वाट कोणती? छोटेलालच्या दुकानावरून.

मग सगळं जुळलं. छोटेलाल हरतऱ्हेच्या जडीबुट्ट्या ठेवतो. तेल तिकडे, बत्तासे इकडे! आज दुपारी गेले आणि तोंडावर विचारलं. तो पानाला चुना लावत म्हणाला, "बाई, आपकी लड़की तो इधर देखती भी नहीं. छोटी का हाथ पकड़ के सीधी निकल जाती है."

खरं बोलत असावा. मला मात्र त्याने एक बत्तासा देऊ केला, जसं काही मीच मागायला गेले होते. घेतला नाही.

११ ऑक्टोबर

पुन्हा कमी, या वेळी जेमतेम अर्धा चमचा. रोज नाही जात. चार-पाच दिवसांतून एकदा. चोर शहाणा आहे.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज कोणावर संशय न घेता चार ओळी लिहायच्या ठरवल्या आहेत, म्हणून रूथबद्दल लिहिते.

संध्याकाळी दवाखान्यातून येते तेव्हा कंपाउंडात पोरांचा गोंधळ चाललेला असतो — चेंडू, शिवाशिवी, भांडणं. रूथ आमच्या पायरीवर शांत बसलेली असते. हट्ट नाही, धावणं नाही, हे दे ते दे नाही. जेवायला वाढलं की ताटात काय आहे ते पाहतही नाही, हाताला लागेल ते खाते. मला कधी कधी वाटतं, देवाने हे लेकरू मला बक्षीस दिलं आहे. मग वाटतं, बक्षीस म्हणणं हाही एक हक्कच झाला. तेव्हा नुसतं उपकार म्हणते.

प्रेमिला तिच्या मागे सावलीसारखी. कानात काहीतरी सांगत असते. मी आले की गप्प. दोन पायऱ्या आहेत म्हणून एकदा ऐकू आलं. पायऱ्या कोणाला मोजायला शिकवते ही? घोड्यासारखी झाली तरी खेळ सुटत नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

गावात दिवाळी. ओळीने पणत्या. रूथ कुंपणाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. म्हणाली, यांच्यासारखे दिवे आपल्याकडे रोज का नाही लावत? झालं! इतके दिवस काही नाही आणि आज हे. प्रेमिलाने तिचा हात दाबला ते मी पाहिलं.

८ नोव्हेंबर, रविवार

सापडलं.

देवळात चटईवर दाटीने बसलो होतो. प्रेमिला माझ्या उजवीकडे. गीत उभं राहून म्हणायचं म्हणून तिने हात वर केला, आणि झग्याच्या बाहीतून तो वास आला. बारा वर्षं तो वास नाकात बसला आहे माझ्या. चूक होणं शक्य नाही. मी पुढचं गीत म्हटलंच नाही, नुसते ओठ हलवले.

माझी मुलगी! मी धुरपताचं डोकं हुंगलं, दुकानदाराच्या दारात जाऊन उभी राहिले, आणि चोर माझ्या पानात जेवत होता.

९ नोव्हेंबर, सोमवार

विचारलं. ताकास तूर लागू देणार नाही असं वाटलं होतं, पण लगेच म्हणाली, घेतलं.

किती वेळा? रोज नाही, म्हणाली. कशाला? गप्प. विकलंस? मानेनेच नाही. सांडलंस? तेव्हा एकदम वर पाहिलं आणि म्हणाली, "वाया नाही गेलं आई. एक थेंबसुद्धा नाही गेला."

मग प्यायलीस? काय, तजेला यायला? गोरी व्हायला? बोर्डिंगात असताना आमच्यातही अशी एक होती, रात्रंदिवस आरसा. मी हात उगारला आणि खाली घेतला. मारलं असतं तर बरं झालं असतं कदाचित.

दुसऱ्या कोणाच्या मुलीने नेलं असतं तर मी एकदा क्षमा केली असती. पण नर्सबाईची मुलगी म्हणून दवाखान्याच्या कपाटात हात घालायचा? गरिबांच्या पोरांच्या तोंडचं? हा हक्क नव्हे तर काय! हेच, हेच होऊ नये म्हणून मी तेरा वर्षं झटले.

जवळच्या गोरेगावहून पितळी कुलूप मागवलं. किल्ली कमरेला.

१४ नोव्हेंबर, शनिवार

हे आले. सगळं सांगितलं. म्हणाले, पोरीने कशाला घेतलं ते नीट विचारलं का तू? मी म्हटलं, विचारलं, सांगत नाही. म्हणाले, मग मी विचारतो. मी म्हटलं, तुमच्यापुढे ती रडेल, तुम्ही विरघळाल आणि सगळं धुऊन निघेल. नको. यंदा प्रभुभोजनाला बसायची होती, ते नाव मी काढायला लावलं आहे. कापणीच्या सणाला मंडळीसमोर उभी राहून कबुली देईल, मग पुढच्या वर्षी बघू.

"मंडळीसमोर?" म्हणाले. "सुशीला, ती आपली लेक आहे वो."

आपली आहे म्हणूनच.

१६ नोव्हेंबर, सोमवार

आज पहाटे हे सायकल काढून गेले. चहाही घेतला नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार. कापणीचा सण.

देऊळ धानाने भरून गेलं होतं. वेदीपुढे नव्या लोंब्यांच्या पेंढ्या, भोपळे, वालाच्या शेंगा, पाय बांधलेला एक कोंबडा — तो उपदेश चालू असताना दोनदा आरवला आणि पाद्रीसाहेब दोन्ही वेळा हसले. आमच्या घरून अंडी आणि मूठमूठ बाजूला टाकलेल्या तांदळाचं गाडगं. सगळं यथासांग.

मग पाद्रीसाहेबांनी प्रेमिलाला हाक मारली. त्यांच्या मनात नव्हतं. सकाळी मला म्हणाले होते, बाई, माझ्यापुढे एकटीने सांगितलं तरी पुरे. मीच अडून बसले.

ती उभी राहिली. निळा झगा, बाह्या धुऊन धुऊन पांढुरक्या. स्पष्ट म्हणाली, "मी दवाखान्यातलं तेल न विचारता घेतलं. ते गरिबांचं होतं. देवाने क्षमा करावी." पाद्रीसाहेब मऊपणे म्हणाले, बेटा, कशासाठी घेतलं होतंस? तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ते सांगितलं तर मागितल्यासारखं होईल."

सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. कबुलीतसुद्धा ताठा!

इतक्यात रूथ भोकाड पसरून रडायला लागली. "मलाही उभं कर! मलाही उभं कर!" तिला उचलून बाहेर चिंचेखाली नेलं. आज सगळे ताईकडे बघत होते ना, मग हिलाही बघायला हवं होतं. म्हणजे धाकटीलाही लागण झाली! आजवरची माझी शांत पोर. थोरलीची संगत.

तेव्हाच ठरवलं. दोघींना एका घरात ठेवायचं नाही.

२४ नोव्हेंबर

नागपूरच्या बोर्डिंगला काल तार केली होती, उत्तर आलं. वर्षाच्या मधे घेत नाहीत, पण माझ्यासाठी घेतील. माझ्यासाठी घेतील हे वाचून बरं वाटलं नाही. पण उपाय नाही. शनिवारी पोचवायची. हे गोंदियाला गाडीवर येऊन पुढे घेऊन जातील.

प्रेमिलाला सांगितलं. रडली नाही. रूथला कोण — एवढंच म्हणाली आणि ओठ मिटले.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आज परसाच्या दारापासून संडासापर्यंत आणि इकडे रूथच्या खाटेपासून चुलीपर्यंत सुतळी बांधलेली सापडली. कमरेच्याही खाली. वाळत घालायची म्हणावी तर एवढ्या खाली कोण वाळत घालतं? दोनदा पायात अडकली माझ्या. हे काय, विचारलं, तर प्रेमिला म्हणाली, राहू दे ना. मागणं नाही तर काय हे? सगळी सोडवून काढली. तिचा बिछाना बांधायला कामी आली.

धुरपता आज दोन महिन्यांनी माझ्याशी बोलली. म्हणाली, "मोठीले कायले धाडता बाई? लहानी कोनाचा हात धरल?"

मी म्हटलं, तिला देवाने पाय दिले आहेत.

२८ नोव्हेंबर, शनिवार

गोंदिया स्टेशनवर सोडून आले. सकाळी गोरेगावहून मोटार, रूथला गीताबाईंच्या घरी बसवलं, मग फलाट. हे आधीच येऊन उभे होते.

गाडी हलायच्या आधी प्रेमिला खिडकीत आली. गजांमधून माझं बोट धरलं. तेरा वर्षांत कधी असं धरलं असेल तर आठवत नाही. म्हणाली, "आई, एक मागू?"

मी म्हटलं, जाताना तरी मागू नकोस ग.

तिने बोट सोडलं. "बरं," म्हणाली, "धन्यवाद." गाडी गेली.

परत येताना मोटारीत रूथ माझ्या मांडीवर. तिने दिवसाउजेडी सगळ्यांकडे पाहून हात हलवला, गाईला, टांग्याला, रस्त्यावरच्या बायांना. छान वाटलं. पण ते "धन्यवाद" कानातून जात नाही. मी शिकवलेला शब्द, तरी कोणीतरी थप्पड मारल्यासारखा का वाटावा? काय मागणार होती? खाऊ मागणारं तोंड नव्हतं ते. उगीच ऐकून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं. आता पत्र लिहून विचारावं का? नको. पुन्हा सवय लागेल.

२९ नोव्हेंबर, रविवार

दिवेलागणीला देवळातून लवकर परत आले. चपला हातात होत्या, पट्टा तुटला म्हणून. अंगणात उभी राहिले, बोलले नाही. रूथ दारातून बाहेर आली. भिंतीला हात लावून. ओठ हलत होते — एक, दोन — पायऱ्या उतरली. भिंत संपली तिथे थांबली. मी चार पावलांवर उभी. तिचे डोळे माझ्यावरून फिरले आणि पुढे गेले.

मी तशीच पुढे झाले. बांगड्या वाजल्या. तिने मान वर केली, तोंड उघडलं, जीभ थोडी बाहेर काढली आणि तशीच थांबून राहिली, चमच्यासाठी. चमचा येईना तेव्हा हळूच म्हणाली, "ताई? आलीस परत? लवकर दे, आई येईल."

किल्ली माझ्या कमरेला होती.